रेवणय्याच्या हाती पाय

रेवणय्या मठपतीला सगळं सोलापूर अहोजाहो करायचं. टांगेवाले त्याला पाहून घोडा थांबवायचे, फुलवाली पुढ्यातलं गिऱ्हाईक सोडून हात जोडायची. मी मात्र पहिल्या दिवसापासून त्याला अरेतुरे केलं. माझी जीभ मुळातच तिखट, हे एक कारण झालंच. पण दुसरं म्हणजे त्याला ते मनापासून आवडायचं. "अक्का, तुमी 'अरे' म्हनलं की मला मानसात आल्यासारखं वाटतंय बगा," असं तो म्हणायचा.

रेवणय्या जंगम घरातला, म्हणजे लिंगायतांचा स्वामी. हे पद शिकून मिळत नाही, ते जन्माबरोबरच येतं, आणि नको म्हणून परत करायची सोय नाही. अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं निम्मं गाव मराठीत भांडतं आणि कानडीत समेट करतं, अशा एका खेड्यात त्याच्या घराण्याची गादी होती. धड चालताही येत नव्हतं तेव्हापासून म्हाताऱ्याकोताऱ्या त्याच्या पाया पडायच्या. घरोघरी पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, त्यावर विभूती आणि फुलं वाहायची आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, ही रीत. एका वर्षी त्याला पायभर खरूज झाली होती. गावानं तीर्थ घेणं सोडलं नाही. हे सांगताना तो इतकी वर्षं झाली तरी अंग चोरून घ्यायचा.

त्याहून वाईट म्हणजे गावात कोणी गेलं की मयताच्या डोक्याला स्वामींचा पाय लावायची चाल. वडील बरे नसले की या पोराला उचलून न्यायचे. तेव्हापासून रेवणय्याला आपल्या पायांची लाजच बसली. तो कुठंही बसला तरी आधी पाय धोतरात, पुढं पँट घालायला लागल्यावर खुर्चीखाली, असे दडवून ठेवायचा. जणू ते पाय त्याचे नव्हतेच, कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिलेली.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात व्यायामाच्या उपचारांचा विभाग नव्यानं सुरू झाला होता. लोक त्याला 'करंटची खोली' म्हणायचे. तिथं मदतनीस म्हणून काम शिकायला आम्हा चौघांना घेतलं. मी गिरणी कामगाराची मुलगी, नवऱ्यानं टाकलेली, मला कुठलंही काम चाललं असतं. रेवणय्या मात्र फार विचार करून आला होता. दवाखान्यात जो तो आपल्या दुखण्यात असतो, तिथं दुसऱ्याच्या पाया पडायला कुणाला फुरसत आहे, असा त्याचा हिशेब. आणि त्या हिशेबानं तो येऊन कुठं पडला, तर जिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे पाय हातात घ्यायचे असतात तिथं.

आम्हाला शिकवायला पुण्याच्या अष्टपुत्रे बाई होत्या. पांढरा कोट, करकरीत मराठी, आणि पुस्तकात नाही ते जगात नाही अशी ठाम समजूत. पेशंटचा पाय कसा धरायचा हे त्यांनी आम्हाला एकमेकांच्या पायावर शिकवलं. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली, पकड घट्ट पण बोटं रुतायची नाहीत. रेवणय्याचा हात आमच्यात सगळ्यांत चांगला होता. माझी पकड पाहून बाई म्हणाल्या की हा पाय आहे, धुणं नव्हे.

मग पहिला खरा पेशंट आला, चन्नप्पा. हा कुंभारी गावचा. दुष्काळी कामावर खडी फोडताना दगड मांडीवर पडून हाड मोडलेलं. प्लॅस्टर निघालं होतं, पण गुडघा लाकडासारखा ताठ राहिला होता. बाईंनी रोज प्रयत्न केले. बाईंचा हात लागण्याआधीच चन्नप्पा असा ओरडायचा की बाहेरच्या बाकावरचे दोघे तिघे उठून घरी जायचे. एक दिवस बाई रेवणय्याला म्हणाल्या, मठपती, आज तुम्ही धरा. रेवणय्यानं बाह्या सारल्या आणि टाचेखाली हात घातला.

चन्नप्पानं त्याच्याकडं पाहिलं. सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून लिंगाची चांदीची डबी दिसत होती.

"मठपती म्हंजे कुटलं?" त्यानं विचारलं. रेवणय्यानं खालमानेनं गावाचं नाव सांगितलं.

नाव ऐकताक्षणी चन्नप्पानं पाय असा ओढून घेतला की गुडघा थेट छातीला लागला. जो गुडघा महिनाभर बोटभर वाकत नव्हता तो! स्वामींच्या हाताला आपला पाय लागला या भीतीपुढं त्याला दुखल्याचंही भान राहिलं नाही. एका हातानं गालफडात मारून घेत तो कानडीत देवाची माफी मागत होता. बाईंनी कोन मोजायचं यंत्र आणलं, पुन्हा पुन्हा गुडघ्याला लावून पाहिलं, आणि मग रेवणय्यावरच चिडल्या. एवढा जोर लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, म्हणाल्या. त्यानं जोरच लावला नव्हता हे त्यांना पटवायला आम्हाला दुपार लागली.

पण बाई शास्त्रीय बुद्धीच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोग केला. चन्नप्पाला झोपवलं आणि रेवणय्याला नुसता त्याच्या पायाच्या दिशेनं हात न्यायला सांगितलं. गुडघा वाकला. हात मागं घ्यायला सांगितला, पुन्हा पुढं न्यायला सांगितला. पुन्हा वाकला. बाईंचा चेहरा खुलला. त्यानंतर आठवडाभर विभागातले ताठ गुडघे असेच वाकवले गेले. अडचण एवढीच होती की वाकलेला गुडघा सरळ करायच्या कामी स्वामींचा काही उपयोग होईना, आणि बाईंच्या पुस्तकात सरळ करणं जास्त महत्त्वाचं होतं.

ही बातमी कुंभारीहून निघून बाजारपेठेत पोचायला वेळ लागला नाही. मग जो लिंगायत पेशंट येई तो आधी विचारी, स्वामी कोणते? आणि पाय लुगड्यात नाहीतर चादरीत गुंडाळून बसे. काहीजण नारळ आणायला लागले. एकीनं तर नातवाला नाव ठेवायला आणलं, मेणाचा शेक द्यायच्या टेबलापाशी. खोलीत औषधाऐवजी विभूतीचा वास यायला लागला तेव्हा बाईंनी दारावर पाटी लावली की इथे धार्मिक विधी करू नयेत. पाटीखाली लोक चपला काढून आत यायला लागले.

माझा या सगळ्याशी काय संबंध, तर असा की रेवणय्यानं सोडलेले सगळे पाय माझ्या वाट्याला यायचे. माझी कंबर मोडायची वेळ आली. एकदा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, तुझं स्वामीपण तुझ्या घरी, त्याची हमाली मी का करू? त्यानं विभूती लावायची सोडली, गळ्यातली डबी बनियनच्या आत ढकलली, नाव विचारलं तर नुसतं 'आर. एम.' सांगायला लागला. पण सोलापूर हे असं गाव आहे की तुम्ही काय सांगता यापेक्षा तुमचे आजोबा कोण होते यावर लोकांचा भरवसा.

गंमत म्हणजे विणकर पेठेतले तेलुगू लोक त्याच्यावर खूश होते. मागावर बसून पाठ गेलेले, खांदा गेलेले, ते निवांत त्याच्या हवाली व्हायचे. एक टांगेवाला चाचा तर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. "इसके हात में नींद हैरे," म्हणायचा आणि खरंच घोरायला लागायचा. म्हणजे काम येत होतं. अडत होतं ते फक्त त्याच्याच माणसांपाशी.

वर्ष संपत आलं. बाईंनी रेवणय्याला बोलावून स्वच्छ सांगितलं की परीक्षेत पेशंट निवडून मिळत नाही, चिठ्ठी निघेल तो घ्यावा लागतो, आणि ज्याला पेशंटचा पाय हातात घेता येत नाही त्याला आपण उत्तीर्ण करू शकत नाही. बाईंना त्याच्याबद्दल माया होती. पण नियमापुढं त्या मायेचंही काही चालू द्यायच्या नाहीत.

त्यातच गावाकडून त्याचे काका आले, गुरुलिंगय्या. रेवणय्याचे वडील त्याच पावसाळ्यात वारले होते आणि गादी रिकामी होती. काकांनी त्याला अडवलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. ते एवढंच म्हणाले की पास झालास तर तू दवाखान्याचा, आम्ही दुसरं बघू. नापास झालास तर गादीवर बसायची भगवी वस्त्रं आणलीच आहेत, त्याच दिवशी माझ्याबरोबर चल. रेवणय्यानं मान डोलावली. त्या दिवशी दुपारी त्यानं डबा उघडला आणि तसाच मिटला. मला म्हणाला, अक्का, परत गेलो की जलमभर पाटावर. मी नेहमीप्रमाणं काहीतरी टोचून बोलणार होते, पण त्याचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

परीक्षेच्या दिवशी मुंबईचे परीक्षक आले. उंच, घामेजलेले, सोलापूरच्या उन्हाला मनातून शिव्या देत असावेत. काका बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि बाकावरचे निम्मे पेशंट उठून त्यांच्या पाया पडत होते. आत चिठ्ठ्या टाकल्या. रेवणय्याच्या चिठ्ठीत निघाल्या काशम्मा.

मंगळवार पेठेतल्या किराणा दुकानदाराची ही विधवा. डाव्या अंगावरून वारं गेलेलं. डावं पाऊल चालताना खाली लोंबायचं, ते हातानं धरून घोट्यातून हलवल्याशिवाय तिला उभंच करता यायचं नाही. डावा हात थोडा उठायचा, पण ती उठवायची नाही. मांडीवर तसाच ठेवून द्यायची. चार महिने तिचा पाय मी हाताळत होते आणि माझ्या प्रत्येक हालचालीवर तिचं म्हणणं ऐकत होते. स्वामी जवळून गेला तरी ती लुगडं पावलांवर ओढायची. सगळ्या सोलापुरात याच्यासाठी हीच बाई राहिली होती.

रेवणय्या तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसला. म्हणाला, "अव्वा, पाय द्या."

"बेडरी," काशम्मा म्हणाल्या. नको, एवढंच.

परीक्षकांनी घड्याळाकडं पाहिलं. रेवणय्यानं पुन्हा मागितला, पुन्हा नको. मग दोघं हळू आवाजात बोलायला लागले, थोडं कानडीत, थोडं मराठीत. मला एव्हाना दोन्ही कळत होतं. तो नेहमीचंच सांगत होता की इथं मी स्वामी नाही, दवाखान्याचा माणूस आहे, कंपाउंडरसारखा.

"स्वामीपन काय सदरा हाय व्हय," काशम्मा म्हणाल्या, "दारात खुंटीला अडकवून आत यायला?"

बाई हातातली पेन्सिल नुसती फिरवत होत्या. मला वाटलं, संपलं, आता हा उठणार आणि बाहेर जाऊन काकांच्या शेजारी बसणार. तो खरंच उठायला लागलाही होता. पण अर्ध्यातून पुन्हा बसला, बनियनच्या आत हात घालून गळ्यातली डबी बाहेर काढली आणि सदऱ्यावर ठेवली. मग असा ताठ बसला की मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "मग स्वामी म्हनून सांगतो. तुमचा पाय माज्या हाताला लागला तर जे पाप लागंल, ते मी घेतलं. आता द्या."

काशम्मांनी डोळे बारीक केले. आयुष्य दुकानात गेलेली बाई ती. "समदं?"

"समदं."

"आन मागलं बी? आमच्या मालकानं वजनात मारलेलं?"

"ते त्यांचं त्यांनी बगावं. पायापुरतं बोला, अव्वा."

काशम्मांनी क्षणभर विचार केला. सौदा पटला असावा. उजव्या हातानं लुगडं बाजूला केलं आणि डाव्या पायाकडं मानेनं खुणावलं. रेवणय्यानं वाकून तो उचलला आणि मांडीवर घेतला. काशम्मांनी डोळे गच्च मिटून घेतले, जणू आता छप्पर कोसळणार. छप्पर जागेवर होतं. घोटा हळूहळू वर, खाली, आत, बाहेर फिरू लागला तसा तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. आणि तिथंच मला म्हणाली, "बग महानंदा. पाय असा धरत्यात."

चार महिन्यांच्या सेवेचं हे फळ. मी दात आवळून उभी राहिले.

परीक्षकांनी विचारलं की हे दोघे काय बोलत होते. बाईंना कानडीतलं ओ की ठो कळलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या की पेशंटची संमती घेत होता. परीक्षकांनी समाधानानं काहीतरी लिहिलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. रेवणय्यानं तिला उभं केलं, दोन लाकडी कठड्यांच्या मधल्या वाटेवर आणलं, स्वतः तिच्याकडं तोंड करून उलटा उलटा चालत राहिला. उजव्या हातानं कठडा धरून काशम्मा पाऊल टाकत, हुंकार देत शेवटपर्यंत पोचल्या. परीक्षक उठले. झालं, असं म्हणणार, एवढ्यात काशम्मा पुढं झुकायला लागल्या.

ती पाया पडत होती. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. स्वामींनी आपला पाय हातात घेतला, आता आपण त्यांच्या पायाला हात लावल्याशिवाय इथून हलायचं कसं? पण ती खाली वाकली असती तर उताणी नाहीतर तोंडावर, कशीही पडली असती, आणि परीक्षेचं काय झालं असतं ते सांगायला नको. रेवणय्यानं तिच्या दोन्ही खांद्यांना धरून थांबवलं. ती ऐकेना. तिची मान खाली, आणि तो जोर लावू शकत नव्हता.

रेवणय्यानं चप्पल काढली. एक हात तिच्या कमरेला ठेवला, दुसऱ्यानं कठडा धरला आणि एका पायावर उभं राहून दुसरा पाय उचलून सरळ कमरेइतक्या उंच कठड्यावर ठेवला, तिच्या डाव्या हाताच्या बाजूला. जे पाय तो जन्मभर खुर्चीखाली लपवत आला होता त्यांतला एक, भेगाळलेला, अंगठ्याचं नख काळं पडलेला, सगळ्यांच्या देखत वर होता. पँट शिवणीवर कुठंतरी टरकली, तेही सगळ्यांनी ऐकलं.

"डाव्या हातानं, अव्वा," तो म्हणाला. "उजवा सोडू नका."

"डाव्या हातानं नमस्कार?" काशम्मा हबकल्याच.

"ते बी घेतलं."

मग तो हात निघाला. आधी बोटं हलली, मग मनगट, मग सबंध हात थरथरत वर आला, थांबला, पुन्हा वर आला, आणि रेवणय्याच्या पावलावर जाऊन टेकला. काशम्मांनी तिथंच कपाळ टेकलं. आता तोल जाण्याइतकं खाली वाकावं लागत नव्हतं. रेवणय्या एका पायावर लटपटत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही वाहत होतं, ते मी बाहीला पुसलं.

परीक्षकांनी चष्मा वर केला. त्यांनी बाईंना विचारलं की हा कोणता व्यायाम. अष्टपुत्रे बाई आयुष्यात पुस्तकाबाहेरचं काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी त्या दोघांकडं पाहिलं.

"डाव्या हाताचा," त्या म्हणाल्या.

कठड्यावर पाय ठेवल्याबद्दल परीक्षकांनी थोडे गुण कापले, पण पास केलं. बाईंनी तिथल्या तिथं सांगून टाकलं. रेवणय्या फाटकी पँट एका हातानं धरून बाहेर गेला, मी त्याच्या मागं. काका उठून उभे राहिले. त्यानं पास झाल्याचं सांगितलं. काकांनी पिशवीचा बंद आवळला आणि म्हणाले, बरं झालं, मग मी निघतो, गादीचं दुसरं बघतो.

"काका," रेवणय्या म्हणाला, "आत एकीचं पाप घेऊन आलोय. स्वामी म्हनून घेतलंय. आता स्वामी न्हाय कसं म्हनू? आयतवारी येत जाईन गावाकडं."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. मग ते पुन्हा बाकावर बसले, पिशवी बाजूला ठेवली, धोतर वर सारून सुजलेला गुडघा मोकळा केला आणि पाय त्याच्यापुढं लांब केला. अख्खा तालुका ज्या पायावर डोकं ठेवायचा तो पाय.

"लई दुखतो रे," ते म्हणाले. "किती वर्षं झाली. आमच्या पायाला हात लावून नमस्कार समदे करत्यात. दुखतंय काय म्हनून कुनी इचारत न्हाय."

रेवणय्या तिथंच फरशीवर मांडी घालून बसला आणि त्यानं एक हात टाचेखाली घातला, एक गुडघ्याखाली. आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. माझे डोळे एवढे लाल होते की परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या तब्येतीचा.